आधी जाडी, मग काप

(बडोदे येथे मराठी श्रोत्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

बडोद्याच्या माणसाला मोठे जहाज जवळून पाहायचे असेल तर तो बहुधा भावनगरमार्गे अलंगच्या जहाजतोडणीच्या किनाऱ्यावर जातो, आणि तेथे त्याला जे जहाज दिसते ते चिखलात रुतलेले आणि पुढून अर्धे कापलेले असते. ज्या संस्थानाने ओखा बंदर उभारले, त्याच्या राजधानीत जहाजाची ओळख अशी शेवटाकडून व्हावी याचे मला नेहमी वाईट वाटत आले आहे. म्हणून जहाज अलंगला जाण्याची वेळ लांबावी यासाठी त्यावर आयुष्यभर जे काम चालते, त्या दुरुस्तीविषयी आणि रूपांतराविषयी, म्हणजे जहाजाचा आकार किंवा काम बदलण्याविषयी, मी आज बोलणार आहे.

मालवाहू जहाजाचा तळ बाहेरून पाच वर्षांत दोनदा तपासला जावा आणि दोन तपासण्यांमध्ये ३६ महिन्यांहून अधिक अंतर पडू नये, असा नियम आहे. त्यासाठी जहाज सुक्या गोदीत येते. गोदीच्या तळावर जहाजाच्या नकाशाप्रमाणे ठोकळे आधीच मांडलेले असतात. जहाज आत आले की दरवाजा बंद होतो आणि पंप पाणी उपसू लागतात. जहाज मागे किंचित जड ठेवलेले असल्यामुळे मागचे टोक आधी टेकते. त्या टोकाचा भार पाण्याऐवजी ठोकळ्यावर येऊ लागला की जहाजाची तोल सावरण्याची शक्ती कमी कमी होत जाते, आणि पुढचा भाग टेकण्यापूर्वीच ती संपली तर एवढे मोठे धूड जागच्या जागी कलंडू शकते. म्हणून कोणत्या टाकीत किती पाणी ठेवायचे याचा हिशेब आधीच झालेला असतो. ही काही मिनिटे मी अनेकदा काठावर उभे राहून काढली आहेत, आणि दर वेळी पूर्ण जहाज टेकल्याचे डॉकमास्तरांनी सांगेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसे.

पाणी गेल्यावर तळ धुणे, पंखा आणि सुकाणू तपासणे, झडपा उघडणे, पोलादाऐवजी आपण झिजावेत म्हणून तळाला लावलेले जस्ताचे ठोकळे बदलणे, रंग देणे ही कामे ओळीने होतात. दुरुस्तीचा खरा निर्णय मात्र टाक्यांच्या आत होतो. बॅलास्ट टाकीत, म्हणजे जहाजाचा तोल राखण्यासाठी असलेल्या टाकीत, खारे पाणी भरते आणि उपसले जाते, त्यामुळे पोलाद कधी ओले तर कधी दमट हवेत असते आणि रंग उडाला की गंज झपाट्याने वाढतो. तेथे माणूस विजेरी आणि ध्वनिलहरींनी जाडी मोजणारे यंत्र घेऊन उतरतो व ठरलेल्या बिंदूंवर पत्र्याची जाडी घेतो. मूळची जाडी २० मिलिमीटर असेल आणि यंत्र १५ दाखवत असेल, तर चौथा हिस्सा समुद्राने खाल्लेला असतो. अनेक भागांत २० ते २५ टक्के झीज ही मर्यादा धरतात, आणि तिच्यापलीकडे पत्रा बदलावाच लागतो. वरून ठिगळ लावले तर खालचा गंज तसाच राहतो, म्हणून चांगले पोलाद लागेपर्यंत जुने कापून काढायचे, कापाचे कोपरे गोलाकार ठेवायचे (टोकदार कोपऱ्यातून तडा सुरू होतो) आणि मगच नवा तुकडा बसवायचा. कापणीची ज्योत पेटवण्यापूर्वी टाकी वायुमुक्त असल्याचा, म्हणजे आत पेट घेणारा वायू उरला नसल्याचा, दाखला लागतो, आणि भिंतीच्या पलीकडल्या बाजूला एक माणूस पाण्याची नळी घेऊन बसवावा लागतो. त्याला दुसरे काही काम सांगू नये, याबाबत मी फार आग्रही असे.

रूपांतराची सुरुवातही याच मोजणीने होते. जपानमध्ये १९७९ साली तयार झालेले ‘सीवाइज जायंट’ हे तेलवाहू जहाज मधला भाग वाढवून सुमारे ४५८ मीटर लांब केले गेले. १९८८ मध्ये इराण-इराक युद्धात हवाई हल्ल्यात ते जबर जखमी झाले. पुढे सिंगापूरला दुरुस्त होऊन ‘जाहरे वायकिंग’ या नावाने पुन्हा तेल वाहू लागले. २००४ मध्ये दुबईच्या गोदीत त्याला ‘नॉक नेव्हिस’ हे नाव आणि नवे काम मिळाले: कतारच्या समुद्रात नांगरून राहायचे आणि तेल साठवायचे. अशा कामात जहाज प्रवास करत नाही, हे खरे. पण ते जागेवरून सहजासहजी हलवता येत नाही, त्यामुळे नेहमीच्या जहाजासारखी गोदीत परतण्याची सोय त्याला नसते. पुढच्या साऱ्या वर्षांची झीज आजच धरून पोलाद बदलावे लागते, आणि मोजणीतली चूक समुद्रात असताना सुधारता येत नाही. हे जहाज २००९ च्या डिसेंबरमध्ये, तीस वर्षांनी, आपल्या अलंगच्या किनाऱ्यावर चढवले गेले.

रूपांतरात पोलादाइतकाच महत्त्वाचा आणखी एक प्रश्न असतो: बदल केल्यावर हे जुनेच जहाज मानायचे की नवे? बदल मोठा मानला तर आजचे सुरक्षिततेचे नियम लागू होतात. न मानल्यास जुने नियम चालू राहतात. अमेरिकेचे ‘एल फारो’ हे १९७५ चे जहाज १९९३ मध्ये लांब केले गेले आणि २००५-०६ मध्ये डेकवर कंटेनर वाहण्यासाठी बदलले गेले. हा दुसरा बदल मोठा मानला गेला नाही. १ ऑक्टोबर २०१५ रोजी ‘होआकिन’ चक्रीवादळात ते बुडाले आणि जहाजावरची सर्व ३३ माणसे गेली. आत शिरलेले पाणी, बंद पडलेले इंजिन आणि वादळाच्या वाटेवर जहाज नेण्याचा निर्णय ही कारणे चौकशीत पुढे आली. त्याच चौकशीत हेही नोंदले गेले, की २००५-०६ चा बदल मोठा मानायला हवा होता. तसे झाले असते तर त्या जहाजाला बंदिस्त जीवरक्षक नौका घ्याव्या लागल्या असत्या. त्या दिवशी त्याच्याकडे होत्या त्या उघड्या होत्या.