विरलेलं लुगडं

(दृश्य: अमळनेर. सकाळची वेळ, गच्ची. दोन बायकांनी दोन टोकांना धरलेलं जुनं नऊवारी.)

हे लुगडं जरा उन्हाकडे धरू. मधून बघा, पलीकडची पाण्याची टाकी दिसते. कासोट्याची जागा, बसायची जागा, टाचेला घासणारा भाग... सगळं सूत चाळणीसारखं झालंय. आता काठ बघा. लालबुंद आणि घट्ट. काठात ताण्याचे धागे दाट बसवलेले असतात, म्हणून अंग विरलं तरी काठ तग धरतो. पूर्वीच्या बायका असा काठ काढून दुसऱ्या लुगड्याला जोडायच्या.

"हाऊ काठ मनी मायना लुगडाना शे," आजी सांगतात.

आईचं लुगडं कधीच संपलं. काठ मात्र आता तिसऱ्या लुगड्यावर आहे.

कापसाच्या या मुलखात कापडाचं अप्रूप कुणाला असणार? जळगाव, धुळे, चाळीसगाव, खुद्द अमळनेर, सगळीकडे गिरण्यांचे भोंगे वाजून गेले. पण पेट्या रिकाम्या होतात त्या दारातच. बोहारीण येते, तीन लुगडी नेते, स्टीलचा डबा देऊन जाते. लुगडं जरीचं असेल तर ती जर विकत घेणारा वेगळा. जुनी खरी जर म्हणजे रेशमी धाग्यावर गुंडाळलेली, सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची तार. त्याला चांदीशी मतलब, कापड तो जाळून टाकतो.

(दृश्य: शिवणाचं टेबल. कात्री, खडू, काठाच्या पट्ट्या.)

आधी माझी चूक सांगते. आजीच्या रेशमी शालूचा मी हौसेनं कुर्ता शिवून घेतला. भुसावळच्या एका लग्नात वाढायला हात वर केला आणि काखेत चर्र झालं. दिवसभर ओढणी घट्ट धरून फिरले. रेशीम वर्षानुवर्षं एकाच घडीवर पडून राहिलं की घडीच्या रेषेवर तुटतं. वरून छान दिसतं, ताण आला की फाटतं.

म्हणून इथं कापड आधी तपासतात. हलका ताण देतात, ओल्या पांढऱ्या फडक्यानं कोपरा पुसून रंग जातो का ते बघतात. काठाला मागून मलमलचं अस्तर लावतात, म्हणजे ताण अस्तरावर जातो. मशीनला बारीक सुई, टाका मात्र लांब. टाके जवळजवळ पडले तर जुनं कापड तिकिटासारखं भोकांच्या रेषेवर फाटतं. काठाच्या पट्ट्या जाकिटाच्या पुढच्या कडेला जातात, बाहीला जातात, साध्या खादीच्या कुर्त्याच्या गळ्याला जातात. काखेत कधीच नाही.

आणि धडधाकट लुगडं असेल तर कात्री बाजूला ठेवा. ते नेसा. नेसता येत नसेल तर शिकून घ्या. अख्खी पैठणी कापून पर्स शिवणाऱ्यांशी माझं जमत नाही, हे इथंच सांगून टाकते.

घरात लावायचं तर खानदेशचं ऊन विसरून चालत नाही. पश्चिमेच्या खिडकीला रेशमी पडदा लावला की थोड्याच उन्हाळ्यांत रंग उडालाच. तिथं जुनं धोतर लावा. उजेड गाळून आत येतो, वारा अडत नाही, मे महिन्यात पाणी शिंपडलं की खोली थंड होते. रेशीम आतल्या भिंतीवर, चौकटीत, काचेला न चिकटता. जरीचे काठ उशांना चालतील, पण रोज टेकायच्या नव्हे.

श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघरी कानबाई देवी बसते. तिच्यामागं ठेवणीतल्या साड्या सोडतात, पेटीतलं कापड त्या दिवशी वारा खातं. फैजपूरला 1936 साली काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं, तेव्हा चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या गावच्याच साहित्यातून अधिवेशनाचं नगर सजवलं होतं. हाताशी असेल त्यातून सजवायची रीत इन्स्टाग्रामच्या आधीची आहे.

चाळीसगाव-जामनेरकडच्या तांड्यांवर बंजारा बायकांच्या फेटिया, म्हणजे घागरे, आणि कांचळ्या, म्हणजे चोळ्या, दिसतात. आरसे, कवड्या, टाक्यांची गर्दी. हे भरतकाम विकत घ्यायचं तर नीट पैसे मोजून घ्या. आणि त्याचे तुकडे करून मोबाईलची पाकिटं? नको.

(दृश्य: ओटा. सतरंजीवर पसरलेली कापडं. जवळून आजींचा हात.)

आता लुगड्याच्या अंगाची पाळी. विरलेलं सुती कापड नव्यापेक्षा मऊ असतं, म्हणून गोधडीला तेच हवं. खाली एक लुगडं, मध्ये फाटकी धोतरं, विटलेल्या चादरी, वर दुसरं लुगडं. आजी कडेनं धावदोरा घालायला घेतात. एक फेरी झाली की बोटभर आत दुसरी, मग तिसरी, फिरत फिरत मध्यापर्यंत. सुई वर येते तेव्हा अंगठ्यानं कापड दाबलं जातं, म्हणून तिथं बारीक चुण्या पडतात. त्या चुण्यांत हवा धरली जाते, ऊब तिथून येते. टाका वाकडा गेला तर उसवत नाहीत. "रातले कोन देखस?" असं म्हणून पुढं जातात.

थंडीत शेतावर भरिताचा बेत ठरला की हीच गोधडी बांधावर अंथरली जाते. वांग्याचा डाग पडला, पडला.

सकाळी उन्हाला धरलेल्या लुगड्याचा काठ नातीच्या जाकिटाला गेला. अंग इथं, या गोधडीत. उरलेल्या चिंध्या आजींनी पायानं जवळ ओढल्या, उशीत भरायच्या आहेत.

दुपारी बोहारीण आली होती. तिला आज नुसता चहा मिळाला.