रविवारी श्टुटगार्टमध्येच थांबा

नमस्कार श्रोतेहो. नाशिक, चाकण, हिंजवडीहून कामानिमित्त जर्मनीतल्या श्टुटगार्टला आलेल्या आणि लवकरच येऊ घातलेल्या मंडळींशी मला आज बोलायचं आहे. लेक-जावई, मुलगा-सून इथे असलेले आईवडील ऐकत असतील, तर त्यांच्याशीही.

मुंबई आणि श्टुटगार्ट ही १९६८ पासून भगिनी शहरं. बॉशचा कारखाना नाशिकला, मर्सिडीजचा चाकणला, आणि दोघांची मुख्यालयं या भागात. त्यामुळे इथल्या ट्राममध्ये मराठी कानावर पडलं तर आता कुणी वळून बघत नाही. पण एका गोष्टीचं मला फार वाईट वाटतं. दोन-तीन वर्षं राहून परत निघालेल्या आपल्या माणसांचं पॅरिस बघून झालेलं असतं, स्वित्झर्लंडच्या दोन फेऱ्या झालेल्या असतात, आणि ज्या गावात महिन्याच्या महिन्याला भाडं भरलं, ते गाव मात्र बघायचं राहून जातं. ‘रविवारी इथे सगळं बंद, करायचं काय?’ असं म्हणून गाडी काढली जाते.

दुकानं बंद असतात हे खरं. सकाळी काही तास बेकऱ्या उघड्या, बाकी शुकशुकाट. भिंतीत ड्रिल चालवायचं नाही, रिकाम्या बाटल्यासुद्धा काचकचऱ्याच्या कुंडीत टाकायच्या नाहीत, आवाज होतो म्हणून. पहिले काही महिने हे अंगावर येतं. पण या शांततेची सवय झाली की शहर बघायला याच्याइतका चांगला दिवस नाही.

त्याआधी इथल्या घराविषयी सांगते, कारण शेजाऱ्यांशी ओळख तिथूनच होते. एखाद्या संध्याकाळी घरी याल तर दाराला एक छोटा फलक अडकवलेला दिसेल: केअरवोखं. म्हणजे या आठवड्यात झाडलोट तुमच्याकडे. यात धाकटी पाळी आणि थोरली पाळी असे दोन प्रकार. धाकटीत आपल्या मजल्यासमोरचा जिना झाडायचा, पुसायचा. थोरलीत इमारतीसमोरचा फुटपाथ, अंगण, तळघराची वाट. हिवाळ्यात बर्फ पडला तर कामाच्या दिवशी सकाळी सातच्या आत तो बाजूला सारायचा, कारण कुणी घसरून पडलं तर जबाबदारी आपल्यावर. महापालिकेने ही सक्ती १९८८ मध्येच काढली, पण बहुतेक भाडेकरारांत पाळी अजून लिहिलेली असते. तेव्हा सही करण्याआधी करार नीट वाचा.

आपल्याकडच्या अनेकांना वाटतं, पैसे देऊन बाई लावली की झालं. लावता येते. पण माझं ऐकाल तर पहिलं वर्ष स्वतः करा. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजींनी मला पायरीच्या आतल्या कोपऱ्यातला केर आधी ब्रशने कसा ओढून घ्यायचा आणि मग फडकं कसं फिरवायचं, हे पहिल्याच आठवड्यात दाखवलं. तोवर आमचं बोलणं ‘ग्र्युस गॉट’च्या पुढे गेलं नव्हतं. त्या दिवसापासून माझं पार्सल त्या घेऊन ठेवतात आणि त्यांच्या कुंड्यांना मी पाणी घालते.

आता शहर. श्टुटगार्ट खोलगट दरीत वसलंय आणि चहूबाजूंनी चढ आहेत. या उतारांवर पूर्वी द्राक्षांचे मळे होते, मळ्यांतून वर-खाली जायला पायऱ्या होत्या. मळ्यांच्या जागी घरं आली, पायऱ्या राहिल्या. आजही असे चारशेहून जास्त जिने शहरात आहेत, त्यांना श्टेफेलं म्हणतात. ओयगेन्सप्लात्झला जाणारा जिना चढून बघा. वर गालाटेआचं कारंजं आहे, आइस्क्रीमसाठी रांग असते आणि खाली शहर पसरलेलं असतं. सिंहगड चढलेल्या माणसाला हा चढ काहीच नाही. आईवडिलांचे गुडघे दुखत असतील तर त्यांना मारिएनप्लात्झहून त्साकं या दातेरी रुळांच्या गाडीने डेगरलोखला न्या. ती १८८४ पासून चालते, तिकीट ट्रामचंच आणि सायकलींसाठी पुढे वेगळा उघडा डबा असतो. डेगरलोखच्या जंगलात १९५६ चा टीव्ही टॉवर आहे. काँक्रीटचा असा जगातला पहिलाच. नंतर जगभर बांधलेल्या कितीतरी मनोऱ्यांनी त्याचाच कित्ता गिरवला.

पण एकच जागा निवडायची झाली तर मी बिर्केनकॉफ निवडेन. पश्चिमेकडची ५११ मीटर उंचीची टेकडी. वरचे सुमारे चाळीस मीटर माणसांनी रचलेले आहेत. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांत पडलेल्या घरांचा राडारोडा युद्धानंतर इथे आणून टाकला. वाट गोल गोल वर जाते आणि माथ्यावर पोचलं की तुमच्या पायाशी खिडक्यांच्या कमानी, खांबांचे तुकडे, दगडावर कोरलेली नक्षी पडलेली असते. कुणाच्या तरी घराचा दर्शनी भाग. हात लावून बघता येतं. मृतांची आठवण आणि जिवंतांना इशारा म्हणून हा डोंगर उभा आहे, असं तिथल्या फलकावर लिहिलंय. मुलांना जरूर न्या. खालचं नीटनेटकं शहर कशावर उभं आहे ते पुस्तकाशिवाय कळतं.

वाईसेनहोफला १९२७ साली उभारलेली घरंही बघा. तिथली, चंदीगडची आखणी करणाऱ्या वास्तुकार ल कॉर्ब्यूझिएची दोन घरं आणि आपल्या चंदीगडचा कॅपिटॉल परिसर २०१६ मध्ये एकाच यादीने जागतिक वारसा ठरले.

आणि भूक लागली की ‘बेझन’ शोधा. दाराशी झाडू टांगलेला दिसला की समजायचं, द्राक्षमळेवाल्याने घरची वाइन विकायला घर उघडलंय. वर्षातून जास्तीत जास्त चार महिने आणि चाळीसच जागा, असा कायदा आहे. त्यामुळे निघण्याआधी उघडं आहे का ते बघून घ्या, रोख पैसे जवळ ठेवा आणि अनोळखी लोकांच्या टेबलावर बिनधास्त बसा, तशीच पद्धत आहे. शाकाहारी असाल तर केझश्पेट्सलं, म्हणजे चीज घातलेले इथले नूडल्स, मागवा, फक्त त्यात बेकन नाही ना, ते विचारा. मसुराचं लिन्झन मागवलंत तर सॉसेज नको हे आधीच सांगा. शिजवतानाही कधी कधी बेकन घालतात, म्हणून तेही विचारलेलं बरं.