‘करलं’ म्हणणारं मूल नेमकं काय करत असतं?

मागे बसलेल्यांना ऐकू येतंय ना? ठीक. आधीच सांगून टाकते, मी पालकत्वावर बोलायला आलेले नाही, मोबाईल किती वेळ द्यायचा वगैरे मला विचारू नका (विचारणारच तुम्ही, माहितीये). मी स्पीच थेरपिस्ट आहे, त्याआधी भाषाशास्त्र शिकले, आणि माझं काम म्हणजे लहान मुलं काय बोलतात आणि काय बोलत नाहीत ते ऐकत बसणं. आमच्या घरातले एक काका दर दिवाळीला मला विचारतात, अगं बोबडं ऐकायला कसली डिग्री लागते, आज्या ते फुकट ऐकतात की. आजचं बोलणं त्या काकांसाठी आहे असं समजा.

तर माझा भाचा. दोन वर्षांचा होता तेव्हा ‘मी केलं’ म्हणायचा, स्वच्छ, आपण म्हणतो तसं. पावणेतीनच्या सुमाराला एक दिवस सुरू झालं ‘मी करलं’. मी चित्र करलं, दादाने मला देलं, मी घेलं. बहीण फोनवर रडकुंडीला आलेली, अगं आधी बरोबर बोलायचा, प्लेग्रुपला घातला आणि बिघडला, कोणाचं ऐकून येतो देव जाणे. मी म्हटलं पेढे वाट.

आता बघा, ‘करलं’ तो ऐकणार कोणाकडून? काही भागांत मोठी माणसंही करलं, देलं म्हणतात हे मला माहितीये, पण त्याच्या घरात नाही, बिल्डिंगमध्ये नाही, प्लेग्रुपच्या ताई तर अगदीच पुस्तकी बोलणाऱ्या. म्हणजे हा शब्द त्याने कोणाचा उचललेला नाही, स्वतः तयार केलाय. बसलं, उठलं, पडलं, सांडलं, फुटलं, हे सगळं दिवसभर कानावर पडत होतं, त्यातून त्याने मागचं ‘लं’ सुटं काढलं, आणि ‘कर’ला नेऊन लावलं. आधीचं ‘केलं’ हा पाठ झालेला अख्खा शब्द होता, आत काय आहे ते माहीत नसलेला. ‘करलं’ म्हणाला त्या दिवशी त्याच्या डोक्यात भूतकाळाचा नियम तयार झालेला होता, आणि आपण त्याला म्हणतो बिघडला! वर्षभराने ‘केलं’ आपोआप परत आलं, कोणी काही न करता.

मुलाची चूक हा असा पुरावा असतो, कारण बरोबर वाक्यावरून काहीच कळत नाही हो, ते नुसतं ऐकून म्हटलेलं असू शकतं. आत काय चाललंय ते चुकीतून दिसतं. हे तपासायची एक फार सुंदर टेस्ट जीन बर्को नावाच्या बाईंनी १९५८ साली छापली, अमेरिकेत. मुलांना एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवायचं, हा एक ‘वग’, आता हे दोन आहेत, दोन काय? मुलं बरोबर इंग्रजी अनेकवचन करून मोकळी. असा शब्द जगात नाही, त्यामुळे पाठ केलाय म्हणायची सोयच नाही.

मी हे मराठीत करून बघते, घरगुती पद्धतीने, कागदावर काहीतरी वेडंवाकडं काढून. चार वर्षांची शेजारची मुलगी. हा टिमका. आता आले दोन. दोन काय? ‘टिमके’. ही गुमी, आता खूप आल्या, ‘गुम्या’. मग मी ‘ह्या टिमक्याला भूक लागलीये’ असं म्हणायच्या आधीच ती म्हणाली, टिमक्याला पोळी देऊ? टिमकाला नाही, टिमक्याला! अहो हे सामान्यरूप, शाळेत व्याकरणाच्या तासाला आपण ज्याच्यावर मार्क घालवले तेच, आणि ह्या बाईला अजून बुटाची लेस बांधता येत नाही. मग मुद्दाम ससा दिला, तर म्हणाली ‘सस्याला गाजर’. आपण ‘सशाला’ म्हणतो, स चा श होतो, ते अपवादाचं काम, ते यायला वेळ लागतो. पण नियम? नियम पक्का.

दुसरी गंमत मराठीतच जास्त दिसते. आपली क्रियापदं बोलणाऱ्याचं लिंग सांगतात, मी जेवतो, मी जेवते. दिवसभर आई नि आजीसोबत राहणारा मुलगा बिनधास्त ‘मी जेवते’, ‘मी आली’ म्हणतो, आणि घरातल्या पुरुषांना टेन्शन येतं. काही नाही हो, त्याच्यासाठी ‘मी’ला ‘जेवते’ जोडलेलं आहे, ऐकलंच तसं, अजून ‘बोलणारा कोण’ हा हिशोब त्यात आलेला नाही. येतो काही महिन्यांत. कोल्हापूरच्या मैत्रिणी हसतायत पहिल्या रांगेत, बरोबरे, तुमच्याकडे मोठ्या मुलीपण ‘मी येतो’ म्हणतात, ती तिथली बोली आहे, त्यात चुकीचं काहीच नाही. आणि हा फरक कळण्यासाठीसुद्धा अभ्यास लागतो, की हे शिकण्यातलं मधलं स्टेशन आहे, का त्या गावची बोली आहे, का खरंच काहीतरी अडलंय. तिन्ही बाहेरून सारखंच ऐकू येतं!

आपण आणि आम्ही घ्या. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द, मराठीत समोरच्याला धरून ‘आपण’, वगळून ‘आम्ही’. भाचा मला फोनवर सांगायचा, मावशी, आपण काल आइस्क्रीम खाल्लं. मी दोनशे किलोमीटर लांब, मला कुठलं आइस्क्रीम. तिथे ‘आम्ही’ म्हणायचं तर फोनच्या पलीकडच्या माणसाला काय मिळालं नि काय नाही हे डोक्यात ठेवावं लागतं, म्हणजे हे नुसतं व्याकरण नाहीच, दुसऱ्याच्या जागी जाऊन बघणं आहे.

मग चुका सुधारायच्या की नाही, हा पुढचा प्रश्न येतोच. १९६० च्या दशकात हार्वर्डमध्ये रॉजर ब्राऊन ह्यांनी तीन मुलांच्या घरी जाऊन जाऊन रेकॉर्डिंग केलं, अभ्यासात त्यांची नावं अ‍ॅडम, ईव्ह आणि सारा. त्यातून एक भारी गोष्ट दिसली, आईवडील व्याकरण फारसं सुधारतच नाहीत, ते खरंखोटं सुधारतात. आपल्याकडे पण ऐका ना. मूल म्हणतं ‘बाबा मोठी गाडी आणला’, आई म्हणते ‘हो ना, आणली ना!’ आणि खूश. तेच मूल म्हशीकडे बोट दाखवून अगदी शुद्ध ‘ही गाय आहे’ म्हणालं की लगेच, नाही रे राजा, म्हैस ती. तरी मोठं होऊन मूल खोटं बोलायला शिकतं आणि व्याकरण मात्र पक्कं करतं, हा ब्राऊनसाहेबांचाच विनोद थोड्याफार फरकाने. तेव्हा ‘करलं नाही, केलं म्हण’ हे दिवसातून दहा वेळा करू नका, तुम्ही नुसतं ‘हो, केलंस तू, मस्त केलंस’ एवढं म्हणा, त्याला मिळायचं ते मिळतं.

आणि ‘आपण बोबडं बोललो तर मूल बोबडं राहील’ हे पण सोडा. मंमं, भुर्र, हम्मा, बाऊ, गाई गाई, ही मोठ्यांनी मुलांसाठी केलेली बोली, आणि तिच्यावर आपल्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या अशोक केळकरांनी १९६४ साली लेख लिहिलाय, शास्त्रीय. त्याच वर्षी फर्ग्युसन नावाच्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने सहा भाषांमधली बाळबोली शेजारी शेजारी ठेवून पाहिली, त्या सहात अरबी, स्पॅनिश, इंग्रजी ह्यांच्याबरोबर मराठी होती. एकमेकींपासून इतक्या लांबच्या भाषा, पण युक्त्या त्याच, सोपे आवाज, जोडाक्षरं गाळणं, शब्द दोनदा म्हणणं. म्हणजे काका, आज्या फुकट ऐकत होत्या हे खरं, पण कोणीतरी बसून लिहून काढलं म्हणून ते जगाला कळलं.

आता जरा गंभीर होते, कारण मी मुळात ज्यासाठी आले ते हे आहे.

त आणि ट. आपल्याला वेगळेच ऐकू येतात, इंग्रज माणसाला येत नाहीत, आपल्याला हसू येतं ‘टुमी कसे आहाट’ ऐकून. वर्कर आणि टीस ह्या दोघांनी कॅनडात इंग्रजी ऐकणाऱ्या घरांतल्या बाळांवर प्रयोग केला, १९८४ चा पेपर. बाळाला हिंदीतला एकच आवाज परत परत ऐकवायचा, तो बदलला आणि बाळाने मान वळवली की खेळणं दिसतं. सहा ते आठ महिन्यांची बहुतेक बाळं त आणि ट चा फरक ओळखत होती. दहा-बारा महिन्यांची फारच थोडी. घरात कोणी न शिकवता, एक शब्द बोलायच्या आत, बाळाने ठरवून टाकलेलं असतं की आपल्या भाषेत कुठले फरक कामाचे आणि कुठले सोडून द्यायचे.

आता ह्याच्यापुढे ते मूल ठेवा ज्याला ऐकूच येत नाही. पहिल्या वर्षात इतकं सगळं होऊन जातं, आणि ते अख्खं वर्ष त्याचं शांततेत जातं, आणि आपण काय म्हणतो? बोलेल की. मुलगे उशिराच बोलतात. ह्याचा बापपण चार वर्षांनी बोलला. जिभेला वेखंड लावा. माझ्याकडे एक जोडपं आलं, मुलगी साडेतीन वर्षांची, आईने सांगितलं की घरात तीन जणांनी तीन सल्ले दिले, एका डॉक्टरांनी पण ‘थांबा, येईल बोलायला’ म्हटलं. मी मुलीच्या मागे स्टीलचं ताट पाडलं. वळली नाही. (ताट पाडणं ही टेस्ट नव्हे हां, घरी पाडून ‘वळली, म्हणजे ठीक’ असं समजू नका, कमी-जास्त ऐकू येणारी मुलंही वळतात, मशीनवरची तपासणीच करायची.) आईने सावकाश विचारलं, म्हणजे ही मला आई म्हणत नाही ते ‘आई’ हा शब्द तिला माहीतच नाही म्हणून का? मला त्या दिवशी उत्तर देता आलं नाही.

बाळ झोपलेलं असताना कानात छोटा प्रोब ठेवून काही मिनिटांत होणारी तपासणी आहे. जगभर मानलेला हिशोब असा, एक महिन्याच्या आत ऐकण्याची पहिली तपासणी, तीन महिन्यांच्या आत निदान, सहा महिन्यांच्या आत उपाय सुरू. हे आकडे कुठून आले? बाळं काय कधी शिकतात ते कोणीतरी वर्षानुवर्षं मोजलं तिथून. आपल्याकडे २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात तपासायच्या गोष्टींमध्ये जन्मतः बहिरेपणा आहे, तेव्हा लसीकरणाला जाल तेव्हा विचारा, लाजू नका.

आणि ऐकू येत नसेल तर कानाचं मशीन किंवा ऑपरेशन हाच एक रस्ता आहे असंही नाही. मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वा देशाची गोष्ट सांगते. १९७० च्या दशकाच्या शेवटी आणि ८० च्या सुरुवातीला मानाग्वा शहरात बहिऱ्या मुलांच्या शाळेत पहिल्यांदाच शेकडो मुलं एकत्र आली, त्याआधी प्रत्येक जण आपापल्या घरात, घरच्या चार खुणांवर. शिक्षक ओठ वाचायला शिकवत होते, ते काही जमत नव्हतं. पण मधल्या सुट्टीत, बसमध्ये मुलं आपसात खुणा करत होती, आणि त्या खुणांची बघता बघता भाषा झाली. १९८६ मध्ये ज्यूडी केगल ही भाषाशास्त्रज्ञ तिथे गेली तेव्हा तिला दिसलं की सगळ्यात घट्ट, व्याकरण असलेली भाषा लहान मुलांची आहे, आधीच्या मोठ्या मुलांची सैल. म्हणजे मोठ्यांनी कच्चा माल दिला आणि धाकट्यांनी त्याचा नियम केला. माझा भाचा ‘लं’ सुटं काढत होता, तेच काम, फक्त इथे काढायला आधी भाषाच नव्हती! तेव्हा खाणाखुणा करू दिल्या तर मूल बोलायचं आळशी होतं, हे परत माझ्यासमोर म्हणू नका.

इंग्लिश मीडियमचं थोडक्यात सांगते, नाहीतर रात्र होईल. एका शाळेने पालकांना सांगितलं घरातही इंग्लिशच बोला, दोन भाषांनी मुलगा गोंधळतो. आई मराठीत शिकलेली, ती बिचारी घरात ‘कम, ईट, गो, सिट’ एवढ्यावर आली. म्हणजे मुलाला मिळत होती ती भरगच्च मराठी काढून घेतली आणि हातात चार आज्ञा दिल्या. दोन भाषांनी मूल गोंधळत नाही. ते ‘बॉटलीतलं पाणी’ म्हणतं ना, त्यात शब्द इंग्रजी आणि सामान्यरूप चोख मराठी आहे, ऐका नीट.

आणि जिथे उलटं आहे तिथे तर जास्त वाईट. मेळघाटात कोरकू बोलणारं मूल अंगणवाडीत येतं, कोरकू ही मुंडा भाषा, मराठीशी तिचं नातंच नाही, पण ताईंच्या रजिस्टरमध्ये ‘बोलत नाही’ असा शेरा पडतो. ते बोलतंय हो, घरी धबधबा असतो. मराठीची अट लावून आपण बोलणं मोजतोय. मला कोणी असा शेरा दाखवला की मी आधी विचारते, आजीबरोबर किती बोलतं? कारण तिथेही बोलत नसेल तर मात्र कान तपासायचे, आणि तिथे बोलत असेल तर आपली फूटपट्टी बदलायची. बहिरं मूल आणि कोरकू मूल एकाच शेऱ्याखाली येतं, आणि दोघांचंही नुकसान होतं.

तर मला तुमच्याकडून एक पाहिजे. इंग्रजी मुलांचं बोलणं जेवढं नोंदवलेलं आहे त्याच्या मानाने आपलं काहीच नाही. चार्ल्स डार्विनने स्वतःच्या मुलाची वही ठेवली होती आणि १८७७ मध्ये छापली, आपल्याला छापायची पण गरज नाही. साधी वही घ्या. तारीख, मुलाचं वय महिन्यांत, आणि त्याने जे म्हटलं ते जसंच्या तसं, सुधारून नाही! ‘काला कावला’ असेल तर काला कावला. आणि त्याच्या आधी तुम्ही काय म्हणालात ते पण, नाहीतर मला कळत नाही की त्याने ऐकून म्हटलं का स्वतः बनवलं. अर्ध्या लोकांच्या वह्या तिसऱ्या पानावर थांबतात, माहितीये मला, माझ्या बहिणीची पण थांबली होती, तिसऱ्या पानावरची शेवटची ओळ आहे ‘मावशीने फोन करला’.

हां, त्या आजींचा हात कधीचा वर आहे. बोला आजी. माईक द्या त्यांना.