क्रूझला निघालेली सांगली

(दृश्य: विश्रामबागेतला एक हॉल. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, पुढच्या रांगेत ज्येष्ठ मंडळी, मागे दोन-तीन तरुण जोडपी. भिंतीवर अरबी समुद्राचा नकाशा.)

सांगलीकराला पाणी नवीन नाही. पावसाळ्यात आयर्विन पुलापाशी कृष्णा किती फुटांवर आली, हे इथली शाळकरी पोरंसुद्धा तोंडपाठ सांगतात. हरिपूरचा संगम, नदीतल्या होड्यांच्या शर्यती, पुरात गल्लीत शिरलेल्या बोटी, सगळं पाहून झालंय. पण दिवसभर जमीनच दिसणार नाही, ही गोष्ट मात्र वेगळी.

हॉलमध्ये बसलेली मंडळी मुंबईहून क्रूझने लक्षद्वीपला निघाली आहेत. ही त्यांची पूर्वबैठक. माइक हातात घेतलेल्या ताईंनी "काही शंका?" असं विचारलं आणि पहिला हात वर झाला.

"चपाती मिळंल ना?"

मिळेल. जैन जेवणसुद्धा मिळेल, फक्त ते बुकिंगच्या वेळीच सांगून ठेवायचं. दुसरा प्रश्न चहाचा, तिसरा दह्याचा. सहलीच्या कुठल्याही बैठकीत पहिली वीस मिनिटं पोटाला जातात आणि त्यात गैर काहीच नाही. पण बोटीवर अडचण येते ती सहसा जेवणामुळे येत नाही. ती येते वेळेमुळे, हात न धुतल्यामुळे, आणि समोरचा माणूस काय सांगतोय ते न ऐकल्यामुळे.

(दृश्य: मिरज-पुणे लोहमार्ग, रात्रीची गाडी.)

वेळेची कटकट बोटीत बसायच्या आधीच सुरू होते. सांगली ते मुंबई पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास, साताऱ्याहून अडीचशे. मधे खंबाटकी आणि बोरघाट. शनिवारी सकाळी बोरघाटात ट्रक बंद पडला तर तुमचं तिकीट कितीही महागाचं असो, बोट थांबत नाही. बोट सुटायच्या बराच आधी बोर्डिंग बंद होतं. म्हणून ताईंचा सल्ला साधा होता: रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस धरा. सकाळी सीएसएमटीला उतरायचं, आवरायचं, नाश्ता करायचा. बॅलार्ड पिअरचं क्रूझ टर्मिनल तिथून टॅक्सीने अगदी जवळ. गाडीचा भरवसा वाटत नसेल त्यांनी आदल्या दिवशीच मुंबई गाठावी.

टर्मिनलवर मोठ्या बॅगा ताब्यात घेतात. त्या खोलीच्या दाराशी येतात, पण कधीकधी संध्याकाळ होते. तोवर बीपीची गोळी, चष्मा, आधार कार्ड आणि एक कपड्यांचा जोड खांद्यावरच्या पिशवीत हवा. हे सांगितल्यावर पुढच्या रांगेतल्या काकूंनी लगेच वही काढून लिहून घेतलं. त्यांचे यजमान मात्र अजून दह्यावरच होते.

(दृश्य: टेबलावर मांडलेल्या वस्तू. पाणी तापवायची कॉइल, छोटी इस्त्री, इलेक्ट्रिक कुकर, उदबत्तीचा पुडा, निरांजन.)

या टेबलावरचं काहीच बोटीवर चालत नाही. कॉइल नाही, इस्त्री नाही, खिचडीचा कुकर नाही. पूजेची हौस असेल तर हात जोडावेत, निरांजन लावू नये. समुद्रात आग लागली तर अग्निशमन दलाची गाडी येत नाही. विझवायची ती बोटीवरच्या माणसांनीच, आणि पळून जायला अंगण नसतं. त्यामुळे बॅगा स्कॅन होताना अशा वस्तू काढून घेतात, बहुधा उतरताना परत देतात. घरचं शिजवलेलं अन्नही बऱ्याच बोटी आत नेऊ देत नाहीत. सीलबंद भडंग किंवा कंदी पेढ्याचा बॉक्स असेल तर कंपनीला आधी विचारून ठेवावं. परदेशी क्रूझ असेल तर आणखी जपून. फळ खिशात ठेवून ऑस्ट्रेलियाच्या बंदरात उतरलं तर दंड भरावा लागतो.

(दृश्य: बोटीचा डेक. केशरी लाइफ जॅकेटं, भिंतीवर जमण्याच्या जागेचा क्रमांक.)

आता जरा थांबायला हवं असा विषय. बोट सुटायच्या आधी सगळ्या प्रवाशांना सुरक्षेच्या सरावाला बोलावतात. त्याला मस्टर ड्रिल म्हणतात. आपल्या कार्डावर जमायची जागा छापलेली असते, तिथे जायचं, कार्ड दाखवायचं, जॅकेट कसं बांधतात ते बघायचं. काही बोटींवर फिल्म खोलीतल्या टीव्हीवर दाखवतात आणि जागेवर फक्त हजेरी लावायची असते. जास्तीत जास्त अर्धा तास जातो. आणि नेमक्या त्याच अर्ध्या तासात आपली माणसं डेकवर सेल्फी काढत असतात.

१३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉनकॉर्डिया नावाची क्रूझ खडकावर आदळली. ३२ माणसं गेली. त्या दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांचा सराव झालेलाच नव्हता, कारण तेव्हाच्या नियमात त्यासाठी चोवीस तासांची मुदत होती. तो नियम नंतर बदलला. १ जानेवारी २०१५ पासून हा सराव बोट सुटण्याआधी किंवा सुटल्या सुटल्या करावा लागतो.

सांगली जिल्ह्याला यासाठी इटलीपर्यंत जायची गरज नाही. ऑगस्ट २०१९ च्या पुरात पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला बोट उलटली. तीत झेपतील त्याहून जास्त माणसं होती. त्या हॉलमध्ये हा विषय कुणी काढला नाही, पण लाइफ जॅकेट दाखवलं तेव्हा मागच्या रांगेतली कुजबुज थांबली होती.

लक्षात ठेवायचा भोंगा एकच: सात आखूड आणि एक लांब. तो ऐकू आला की लिफ्ट सोडायची, जिना धरायचा, आणि खोलीतली पर्स आणायला मागे फिरायचं नाही.

(दृश्य: आंबेनळी घाटातली वळणं. मग उघडा समुद्र.)

ज्यांना आंबेनळी किंवा कुंभार्ली घाटात गाडी लागते, त्यांना बोटही लागू शकते. बोटीच्या पोटाशी दोन्ही बाजूंना पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात, त्यामुळे हेलकावे बरेच कमी होतात, पण पूर्ण थांबत नाहीत. खोली घेताना मधल्या भागातली आणि खालच्या मजल्यावरची घ्यावी. तिथे डोलणं सगळ्यात कमी. उंचावरची, पुढच्या टोकाची, बाल्कनीची खोली दिसायला देखणी आणि हलायला पहिली. पोट ढवळायला लागलं तर पांघरूण घेऊन खोलीत पडू नये. डेकवर यावं, क्षितिजाकडे बघावं, मोबाइल बाजूला ठेवावा. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून, आणि उलटी व्हायच्या आधी. नंतर घेतलेली गोळी पोटात टिकतच नाही. सुंठेचा तुकडा खिशात असू द्यावा, बऱ्याच जणांना त्याने बरं वाटतं. आपल्याकडच्या क्रूझ पावसाळा टाळून चालतात, त्यामुळे फार घाबरायचंही कारण नाही.

(दृश्य: बुफे. वाफाळणारी भांडी, रांग.)

आता जेवण. हजार-दीड हजार माणसं तेच डाव, तेच चिमटे हाताळतात. एकाच्या पोटातला विषाणू तीन दिवसांत अर्ध्या बोटीत फिरू शकतो. क्रूझवाल्यांना धास्ती असते ती नोरोव्हायरसची. उलट्या, जुलाब, आणि झपाट्याने पसरणं. दाराशी सॅनिटायझरची बाटली घेऊन उभा असलेला कर्मचारी "वॉशी वॉशी" म्हणत हसतो, आपणही हसतो, दोन थेंब चोळतो आणि आत जातो. पण या विषाणूवर सॅनिटायझरचा फारसा उपयोग होत नाही. साबण आणि वाहतं पाणीच हवं.

पोट बिघडलंच तर लपवू नका. "लक्षद्वीप बघायला आलोय, आता खोलीत कोंडून ठेवतील" या भीतीने माणसं गप्प राहतात आणि दुसऱ्या दिवशी शेजारचं कुटुंब आजारी पडतं. बोटीवर डॉक्टर असतो, त्याला सांगावं. तो दोन दिवस खोलीत राहायला सांगेल, तर राहावं.

ताटाबद्दल एकच बोलतो. एका वेळी डोंगर रचू नये. पुन्हा उठायला कुणाची मनाई नाही.

(दृश्य: स्वारगेट स्थानकात एसटीच्या खिडकीतून आत पडणारा रुमाल. लगेच डेकवरच्या खुर्चीवर ठेवलेला टॉवेल.)

खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची कला आपण कॉलेजपासून कमावलेली आहे. बोटीवर ती घरी ठेवावी. सकाळी सहाला टॉवेल टाकून खुर्ची अडवायची आणि अकराला उगवायचं, यावरून जगभरच्या बोटींवर भांडणं होतात. म्हणून बऱ्याच ठिकाणी अर्ध्या-पाऊण तासात कर्मचारी टॉवेल उचलून नेतात. नाटकगृहात एकाने अकरा खुर्च्या धरणं हाही त्यातलाच प्रकार. मोठ्या ग्रुपने लिफ्टचं दार धरून "या, या, अजून एक" करत बसू नये. व्हीलचेअरवाल्याला तीच एक वाट असते.

पोहण्याच्या तलावात साडी, सलवार किंवा सुती बनियन चालत नाही. नायलॉनचा पोशाख लागतो. सुताचे धागे गाळणीत अडकतात. लंगोट बांधलेल्या बाळालाही तलावात नेता येत नाही, आजीने कितीही आग्रह केला तरी.

रात्री मात्र खरी परीक्षा. खोल्यांच्या भिंती पातळ असतात. बाल्कनीचं दार उघडं ठेवून कुणी बाहेरचं दार उघडलं, की वाऱ्याने ते असं आपटतं की पूर्ण बोळ जागा होतो. आधी बाल्कनी लावायची, मग दार उघडायचं. अंताक्षरी डेकवर किंवा हॉलमध्ये, बोळात नाही. रात्रपाळी करून दिवसा झोपलेले कर्मचारीही याच बोटीत असतात. आंतरराष्ट्रीय सागरी श्रमनियमांनुसार त्यांना चोवीस तासांत किमान १० तास विश्रांती मिळायला हवी. तीही आपल्या गोंगाटात गेली तर दुसऱ्या दिवशी चहा थंड आला म्हणून ओरडू नये.

(दृश्य: कृष्णेवरचा पूल, चालत्या गाडीतून नदीत पडणारं नाणं.)

पूल लागला की नाणं टाकून हात जोडायचे, ही आपली सवय. बोटीवरून काहीही टाकायचं नाही. नाणं नाही, निर्माल्याची प्लॅस्टिकची पिशवी तर अजिबात नाही. बोटींवरून समुद्रात कचरा टाकण्यावर आंतरराष्ट्रीय बंदी आहे, आणि वरून टाकलेली वस्तू वाऱ्याने खालच्या बाल्कनीत येऊन पडते ती वेगळीच. २००६ साली जमैकाजवळ स्टार प्रिन्सेस या बोटीच्या बाल्कन्या पेटल्या. बहुधा कुणीतरी फेकलेल्या सिगारेटचं थोटूक त्याला कारण ठरलं.

खोलीतला संडासही विमानातल्यासारखा हवेच्या दाबाने ओढणारा असतो. त्यात ओला टिश्यू किंवा पॅड टाकलं तर आपल्या ओळीतल्या सगळ्या खोल्यांचे संडास तुंबू शकतात. परदेशी बोटींवर जेट नसतो. छोटा मग बरोबर ठेवावा, लाजू नये.

मोबाइलचं थोडक्यात. किनारा सुटला की फ्लाइट मोड. बोटीवर उपग्रहाचं नेटवर्क असतं, फोन आपोआप त्याला चिकटतो आणि बिल महिनाभर छळतं. घरच्यांना आधीच सांगावं की फोन लागला नाही तर काळजी करू नका.

(दृश्य: निळं उथळ पाणी. दूर उभी बोट, तिच्याकडून येणारी छोटी होडी.)

लक्षद्वीपला क्रूझ धक्क्याला लागत नाही. ती खोल पाण्यात उभी राहते आणि छोट्या होडीतून बेटावर नेतात. इथे गुडघेदुखीवाल्यांनी आधीच विचार करावा. होडी वर-खाली होत असते. खलाशी हात पुढे करतो, तेव्हा त्याचे पंजे धरू नयेत. त्याला आपलं मनगट धरू द्यावं आणि आपण त्याचं धरावं. ओल्या हाताची पकड सुटते, मनगटाची सुटत नाही. तो "आता" म्हणेल तेव्हाच पाऊल टाकायचं. पिशवी खांद्याला, दोन्ही हात मोकळे. बेटावर प्रवाळाचा तुकडा सुंदर दिसला म्हणून पिशवीत घालू नये. प्रवाळ वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे.

आणि परतीची वेळ. "सगळ्यांनी बोटीवर यावं" अशी जी वेळ देतात, ती बोट सुटायच्या आधीची असते. उतरताना कार्ड स्कॅन होतं, त्यामुळे कोण आत नाही हे कप्तानाला कळतं, पण उशीर करणाऱ्या दोघांसाठी हजार माणसं अडकवून ठेवत नाहीत. कंपनीच्याच सहलीत असाल तर बोट सहसा थांबते. स्वतः रिक्षा करून गेला असाल तर घड्याळ तुमचं, जबाबदारीही तुमची. परदेशी बंदरात घड्याळ स्थानिक वेळेचं की बोटीच्या, हे उतरतानाच विचारून घ्यावं.

(दृश्य: पुन्हा हॉल. चहाचे कप फिरतायत.)

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा दाराबाहेर ठेवायच्या असतात. त्या आधीच खाली जातात. सकाळी उतरताना घालायची पँट त्यात गेली, की माणूस नाइटसूटवर बॅलार्ड पिअरला उतरतो. हसू नका, होतं. परदेशी क्रूझवर बिलात दररोजची टीप आपोआप धरलेली असते. ती काउंटरवर जाऊन काढून टाकायला सांगणारेही असतात. ज्याने रोज खोली आवरली त्याच्या ताटातलं ते काढणं.

बैठक संपता संपता मागून एक काका उठले. त्यांना दह्यात रस नव्हता.

"ताई, बोट सकाळी लागणार आणि महालक्ष्मी रात्रीची. दिवसभर सामान कुठं ठेवायचं?"

"सीएसएमटीच्या क्लोकरूममध्ये, काका. बॅगेला कुलूप पाहिजे आणि परतीचं तिकीट हातात. कुलूप नसेल तर बॅग घेत नाहीत."

काकांनी खिशातून पेन काढलं आणि तळहातावर लिहून घेतलं: दोन कुलपं.