गॅलरीतला तलाव आणि महिन्याची पावती

मित्रहो, आपल्या सोलापुरात फ्लॅट दाखवणारा माणूस सहसा आधी गॅलरीचे दार उघडतो. समोर सिद्धेश्वर तलाव, पाण्याने वेढलेले मंदिर आणि जवळच भुईकोट किल्ल्याची तटबंदी असे दृश्य पाचव्या मजल्यावरून दिसले की घरातल्या निम्म्या माणसांचा निर्णय तिथेच होऊन जातो, आणि मेंटेनन्स किती, हा प्रश्न जिना उतरताना ओझरता विचारला जातो. दृश्याचे पैसे आपण खरेदीखताच्या वेळी एकदाच मोजतो. मेंटेनन्स मात्र घर आपले असेपर्यंत दरमहा भरायचा असतो. म्हणून माझे म्हणणे असे की आधी सोसायटीचे हिशेब पाहावेत आणि मग गॅलरीत उभे राहावे.

मात्र मेंटेनन्स कमी म्हणजे सोसायटी चांगली, असा अर्थ कृपया काढू नका. मी अनेक वर्षे गृहनिर्माण संस्थांचे हिशेब तपासले आहेत आणि खरेदीदाराची सर्वांत महागडी चूक हीच असल्याचे पाहिले आहे. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या नमुना नियमावलीप्रमाणे, देखभाल-दुरुस्ती निधीसाठी सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या किमान 0.75 टक्के आणि सिंकिंग फंडासाठी, म्हणजे पुढच्या मोठ्या दुरुस्तीसाठी किंवा पुनर्बांधणीसाठी बाजूला ठेवायच्या निधीसाठी, किमान 0.25 टक्के रक्कम दरवर्षी जमा व्हावी लागते. बांधकाम खर्च, जमिनीची किंमत वगळून, 15 लाख रुपये धरला तर हे दोन निधी मिळून वर्षाला 15,000, म्हणजे महिन्याला 1,250 रुपये होतात, आणि त्यात रखवालदाराचा पगार, जिन्यातली वीज, लिफ्ट, झाडलोट यांतले काहीही आलेले नसते. तेव्हा ‘आमच्याकडे सगळे मिळून फक्त 900 रुपये’ असे कोणी अभिमानाने सांगितले, तर ती काटकसर नसून पुढे ढकललेली दुरुस्ती आहे, असे समजावे. गच्ची गळू लागते, बाहेरच्या पाइपांना गंज चढतो, आणि मग एका सर्वसाधारण सभेत प्रत्येकाकडून एकरकमी वर्गणी मागितली जाते. ती बहुधा नव्या मालकाच्याच वाट्याला येते. इमारत 15 वर्षांहून जुनी असेल तर दर 5 वर्षांनी आणि 30 वर्षांपुढे गेली असेल तर दर 3 वर्षांनी संरचनात्मक तपासणी व्हायला हवी. तिचा अहवाल मागावा.

सोलापूरकरांनी आणखी एक आकडा वेगळा विचारावा, तो पाण्याचा. उजनीचे पाणी नळाला काही दिवसांआड येते, हे आपल्याला कोणी सांगायला नको. बोअर मार्चमध्ये आटते की जूनपर्यंत टिकते आणि गेल्या उन्हाळ्यात टँकरवर किती खर्च झाला, हे पाहिल्याशिवाय मेंटेनन्सचा खरा आकडा हाती येत नाही. पाणीपट्टीची वाटणी उपविधींप्रमाणे सदनिकेतल्या नळांच्या संख्येवर होते, सेवाशुल्क मात्र सर्वांना सारखे असते. लिफ्टचा खर्चही तळमजल्याच्या सभासदाला इतरांइतकाच भरावा लागतो, आणि त्यावरून होणारी भांडणे मी इतकी ऐकली आहेत की त्यांचे इतिवृत्तही मला आता पाठ झाले आहे.

आता दृश्याकडे वळू. खिडकीतून वर्षानुवर्षे येणाऱ्या उजेडावर आणि वाऱ्यावर काही अटींनी हक्क सांगता येतो, परंतु नुसत्या दृश्यावर असा वहिवाटीचा हक्क मिळत नाही. समोरच्या प्लॉटचा मालक नियमात बसणारी सात मजली इमारत उभी करू लागला, तर आपण गॅलरीतून पाहत राहण्यापलीकडे फारसे काही करू शकत नाही. म्हणून समोरची मोकळी जागा तलाव किंवा उद्यानाची आहे की कोणाचा रहिवासी प्लॉट आहे, हे महापालिकेच्या विकास आराखड्यात पाहून घ्यावे. पहिल्या प्रकारच्या दृश्यासाठी चार पैसे जास्त द्यायला माझी हरकत नाही. दुसऱ्यासाठी एक रुपयाही देऊ नये. होटगी रोडकडच्या कित्येक गॅलऱ्यांतून साखर कारखान्याची उंच चिमणी दिसत असे. 15 जून 2023 रोजी ती विमानसेवेला अडथळा म्हणून पाडली गेली आणि क्षितिज काही क्षणांत बदलले.

शिवाय दृश्य कोणत्या दिशेला आहे, हेही महत्त्वाचे. पश्चिमेची मोठी काच हिवाळ्यातल्या संध्याकाळी सुंदर दिसते, पण एप्रिल-मे मध्ये पारा 42-43 अंशांवर गेला की त्याच काचेला जाड पडदा लावून आत एसी चालवावा लागतो, आणि ते वीजबिल कोणत्याही मेंटेनन्सच्या पावतीत दिसत नाही.

दोन घरांतून एक निवडताना मी साधा हिशेब करतो. निधी नियमाप्रमाणे जमा होत असूनही एका ठिकाणी महिन्याला 1,000 रुपये जास्त पडत असतील, तर 20 वर्षांचे 2 लाख 40 हजार होतात, दरवाढ न धरता. तेवढी रक्कम त्या घराच्या किमतीत मिळवावी आणि मग तुलना करावी. त्यासाठी सचिवांकडून मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, थकबाकीदारांची यादी आणि विकणाऱ्याच्या नावे थकबाकी नसल्याचा दाखला मागून घ्यावा. सचिव कागद देण्यास टाळाटाळ करू लागले, तर पुन्हा गॅलरीत जाऊन तलाव पाहू नका, मोह पडतो.