भस्मशायिनी

वडोद्याच्या दांडिया बाजारातलं हे मराठी घर. आजी रोज दिवेलागणीला पोथी काढतात. अहल्या आली की थांबतात. "शिळा झाली बिचारी."

इथून रिक्षानं थोडक्यात पोचतो ते महाराजा सयाजीराव विद्यापीठाचं प्राच्यविद्या मंदिर, १९२७ सालचं. हे लाल कापडातले गठ्ठे. वरखाली फळ्या, मधून ओवलेला दोरा. दक्षिणेत ताडपत्रावर लोखंडी लेखणीनं अक्षर कोरत आणि वरून काजळी चोळत. पान पुसलं की काजळी फक्त कोरलेल्या जागी उरते. बघा, ही अशी. पान ठिसूळ झालं, कसर लागली की नवी नक्कल. आणि नक्कल करणारा माणूसच! कधी ओळ गळते, कधी कडेला लिहिलेलं टिपण मजकुरात शिरतं, कधी दोन श्लोक त्यालाच सुचतात.

१९५१ मध्ये इथे वाल्मीकी रामायणाच्या चिकित्सित आवृत्तीचं, म्हणजे अनेक पोथ्या ताडून जुना मजकूर ठरवण्याचं, काम सुरू झालं. शारदा, नेवारी, मैथिली, बंगाली, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा लिप्यांमधल्या पोथ्या जमवल्या. सर्वांत जुनी नेपाळची, इसवी सन १०२० ची. श्लोक घ्यायचा आणि प्रत्येक पोथीतला पाठ, म्हणजे तिथली शब्दरचना, त्याच्याशी ताडून पाहायचा. उत्तरेत नि दक्षिणेत दोन्हीकडे सापडला तर तो जुना मानायला आधार. एकाच प्रांतात सापडला तर तळटीपेत किंवा परिशिष्टात. फेकलं काहीच नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण 'रामायण कापलं' म्हणणारे भेटतातच.

आता बालकांडाचं हे पान. बोटाखालचा शब्द वाचा: भस्मशायिनी. वारा खाऊन, राखेत पडून, कुणालाही न दिसता राहिलेली अहल्या. दगडाचा उल्लेखच नाही. 'शिलामयी' ती कालिदासाच्या रघुवंशात आहे, म्हणजे शिळाही काही कालपरवाची नव्हे. लक्ष्मणरेषा मात्र या आवृत्तीत शोधूनही मिळणार नाही. मग आजी सांगतात ते खोटं? गोष्ट कोणत्या काळी, कुणी, कुणासाठी सांगितली ते आधी विचारावं. खऱ्याखोट्याचं मग बघू.

या आवृत्तीचा सातवा, शेवटचा खंड १९७५ मध्ये निघाला. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या प्रकाशनाचा इंग्रजी अनुवाद याच आवृत्तीवरून झाला.

संध्याकाळी आजींना तो शब्द वाचून दाखवला. त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला.

"राखेत होय? म्हणजे ऐकू येत असेल तिला सगळं."