आधी जोतं, मग देऊळ

मंडळी, माझे वडील अमळनेर तालुक्यात गवंडीकाम करायचे. आमचं घर धाब्याचं, म्हणजे सपाट मातीच्या छपराचं. पावसाळ्याच्या तोंडावर धाब्यावर नवी खारी माती टाकायचं काम निघालं, की गल्लीतली माणसं न बोलावता घमेली घेऊन हजर व्हायची. त्यांच्या धाब्यावर आम्ही जायचो. मजुरीचा हिशेब नसे, संध्याकाळी वरण-बट्टी असे. दुसऱ्याच्या घराला हात लावणं मी तिथं शिकलो.

हेच काम देशांच्या सीमा ओलांडून करणाऱ्या संस्था आहेत. १९७६ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी तुम्हाला ऐकून ठाऊक असेल. ज्याचं घर, त्यानंही बांधकामावर राबायचं, ही तिची रीत. २००६ मध्ये अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर या संस्थेच्या कामासाठी लोणावळ्याजवळ आले होते. वय ८२. तिथं शंभर घरं उभी करायची होती आणि हा माणूस हातात हत्यार घेऊन कामावर होता. तेव्हा परदेशी पाहुणे आपल्याकडे येत होते. आपण का जाऊ नये, हा प्रश्न माझ्या मनात तेव्हापासून होता.

२५ एप्रिल २०१५ ला नेपाळमध्ये ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. जवळजवळ नऊ हजार माणसं गेली. मातीत रचलेल्या दगडी भिंतींची घरं गावंच्या गावं खाली बसली. पुढं दोन वर्षांनी आम्ही जळगाव जिल्ह्यातले पाच जण काठमांडूच्या पूर्वेला, काभ्रे जिल्ह्यातल्या एका डोंगरगावात गेलो. दहा दिवस होते. सात बांधकामाला, तीन फिरायला.

मुख्य कारागीर तिथलाच, रोजावर. आम्ही त्याच्या हाताखाली. विटा भाजलेल्या नव्हत्या. माती, वाळू आणि थोडं सिमेंट यंत्रात दाबून केलेल्या. जोत्यावर, खिडकीखाली, दारा-खिडक्यांच्या माथ्यावर अशी घराला चहूकडून आडवी पट्टी फिरवायची. भूकंपात भिंती एकमेकींपासून सुटू नयेत म्हणून. घरमालकीण, तिला आम्ही दिदी म्हणायचो आणि ती मला दाइ, म्हणजे दादा, कपाळावर नाम्लो, म्हणजे ओझ्याचा पट्टा, अडकवून पाठीवरच्या टोपलीतून वाळू आणायची. आमच्यातले तरणे दोन घमेल्यांत दमायचे. तिसऱ्या दिवशी मी रचलेला एक थर कारागिरानं ओळंबा लावून पाहिला आणि काही न बोलता उतरवला. मला राग आला नाही. वडिलांनीही तेच केलं असतं.

मला नेहमी विचारतात, तिकिटाचे पैसेच पाठवले असते तर जास्त घरं झाली नसती का? झाली असती. घरासाठीच पैसे काढले असतील तर ते पाठवून द्या, मी तेच सांगेन. पण आपल्याकडून दरवर्षी माणसं पशुपतिनाथाला जातातच. तो खर्च ठरलेला आहे. त्या प्रवासातले काही दिवस एका भिंतीला द्या, एवढंच माझं मागणं. मात्र संस्थेला आधी तीन गोष्टी विचारा: तिथल्या गवंड्याला मजुरी मिळते का, आपल्या वर्गणीतून माल येतो का, आणि व्हिसाचं काय. बऱ्याच देशांत पर्यटक व्हिसावर बिनपगारी कामसुद्धा चालत नाही.

आणि फिरणं शेवटी ठेवा. आम्ही आठव्या दिवशी भक्तपूरला गेलो. तिथलं न्यातपोल हे १७०२ सालचं पाच छपरांचं देऊळ १९३४ च्या भूकंपातही उभं राहिलं आणि २०१५ च्याही. त्याच गावातलं वत्सला दुर्गेचं दगडी देऊळ मात्र कोसळलं. पहिल्या दिवशी गेलो असतो तर पायऱ्यांवरच्या पहिलवानांच्या दगडी मूर्तींसोबत फोटो काढून परतलो असतो. सात दिवस विटा उचलल्यावर आम्ही सगळे जोतं बघत होतो, लाकडाचे जोड बघत होतो.

दिदीला आणि तिच्या दोन्ही मुलांना आम्ही गाडीत सोबत घेतलं होतं. इतक्या जवळ राहून तिनं ते देऊळ कधी पाहिलं नव्हतं. ती सगळ्या पायऱ्या चढून वर गेली, भिंतीवर तळहात ठेवला आणि वळून मला विचारलं, "दाइ, ह्यात पट्टी कुठं आहे?"